यंत्राची शेवटची घंटा

आपल्यापैकी पुष्कळांच्या घरची मुलेमुली आज पुण्यास, बंगळूरला, हैदराबादेस, काही तर परदेशीही संगणकाच्या कामावर आहेत. मुलगा अगर मुलगी नेमके काय करते असे आईवडिलांना विचारावे, तर ‘प्रोग्रॅम लिहिते’ एवढ्यावर उत्तर थांबते. यात आईवडिलांचा दोष नाही. सुतार काय करतो हे डोळ्यांना दिसते. प्रोग्रॅम लिहिणाराचे काम दिसत नाही आणि तो सुटीत घरी आला तरी सांगत नाही, कारण कोठून सुरुवात करावी हेच त्याला समजत नाही. स्मरणिकेसाठी विज्ञानविषयक लेख हवा असे चिटणिसांनी कळविले, तेव्हा या न दिसणाऱ्या कामाचा एक लहानसा तुकडा उचलावा आणि त्याची नीट फोड करून सांगावी असे आम्ही ठरविले. तो तुकडा म्हणजे, चालू असलेले यंत्र बंद कसे करावयाचे.

यात सांगण्यासारखे काय आहे, असे कोणीही म्हणेल. बटण दाबले, दिवा मालवला, झाले. परंतु संगणकाच्या पोटातील यंत्रे दिव्यासारखी मुकी नसतात. ती बोलावतात, हाका मारतात. आणि मारलेली हाक वाटेत असतानाच यंत्र बंद झाले तर पुढे जे घडते ते सारा संगणक जागच्या जागी थिजविण्यास पुरेसे होते. संगणक बंद करताना पडद्यावरचे चक्र फिरतच राहते, कळफलक ऐकत नाही, उंदराचा बाण हलत नाही, हा अनुभव पुष्कळांनी घेतला असेल. त्याची कारणे अनेक असू शकतात. त्यांतले एक फार मासलेवाईक आहे आणि तेच आज पाहावयाचे आहे.

प्रथम पात्रपरिचय. संगणकात हिशेब करणारा प्रोसेसर असतो. त्याच्याभोवती कळफलक, डिस्क, जाळ्याशी जोडणारे नेटवर्क कार्ड, ध्वनी देणारे कार्ड अशी निरनिराळी यंत्रे असतात. प्रत्येक यंत्राची भाषा निराळी. ती भाषा जाणून त्या यंत्राकडून काम करवून घेणारा जो प्रोग्रॅम, त्याला ड्रायव्हर म्हणतात. एस. टी.च्या ड्रायव्हरशी याचे साम्य एवढेच की चूक झाली तर तो एकटा खड्ड्यात जात नाही, सगळी गाडी नेतो. यंत्राशी बोलण्याची खिडकी म्हणजे त्याची रजिस्टरे. ही शाळेतल्या हजेरीची रजिस्टरे नव्हेत. एका ओळीत मांडलेले बत्तीस छोटे दिवे डोळ्यांपुढे आणा. कोणता पेटला आहे व कोणता विझला आहे हे पाहून ड्रायव्हर यंत्राची अवस्था ओळखतो, आणि काही दिवे स्वतः पेटवून वा विझवून त्याला आज्ञा देतो.

आता प्रश्न असा की यंत्राचे काम पुरे झाले हे प्रोसेसरला कळावे कसे? एक मार्ग म्हणजे त्याने दर घटकेला जाऊन विचारावे, ‘झाले का? झाले का?’ मुख्याध्यापकांनी स्वतःचे काम सोडून दर मिनिटाला प्रत्येक वर्गात डोकावावे, तसा हा प्रकार. दुसरा मार्ग घंटेचा. यंत्राने काम झाले की घंटा वाजवावी. प्रोसेसरने हातातले काम जेथे आहे तेथे खूण करून ठेवावे, घंटेला धावून जाण्यासाठी नेमलेला छोटासा प्रोग्रॅम चालवावा, आणि मग परत येऊन खुणेपासून पुढे सुरू करावे. या घंटेलाच ‘इंटरप्ट’ म्हणतात, म्हणजे व्यत्यय. आणि तिला धावणाऱ्या प्रोग्रॅमला ‘हँडलर’. आपण त्याला शिपाई म्हणू. प्रत्येक ड्रायव्हर आपापला शिपाई प्रोसेसरपाशी नोंदवून ठेवतो.

ही सोय फार उपयोगाची, पण तिच्यातील धोका ती नवी होती तेव्हाच एकाने ओळखला होता. १९५७ च्या सुमारास हॉलंडमध्ये ‘एक्स-१’ नावाच्या संगणकाची आखणी चालली होती. लूपस्ट्रा आणि शोल्टेन हे त्याचे रचनाकार, आणि मूळचे प्रोग्रॅम लिहिण्याचे काम एड्सगर डाइक्स्ट्रा या तरुणाकडे. हा पुढे संगणकशास्त्रातील थोर पुरुषांपैकी एक झाला. यंत्रात घंटेची सोय करण्याचा बेत रचनाकारांनी सांगितला, तेव्हा डाइक्स्ट्रा आनंदला नाही, घाबरला. तोपर्यंत एकच प्रोग्रॅम त्याच आकड्यांवर दहा वेळा चालविला तर दहाही वेळा पावलापावलाने तोच घडे. चूक असेल तर तीही दहा वेळा भेटे व म्हणून सापडे. घंटा आली की हा भरवसा गेला. ती कोणत्या दोन पावलांच्या मध्ये वाजेल हे कोणालाच सांगता येणार नाही, आणि हजारात एकदा घडणारी चूक पुन्हा घडवून दाखविता येणार नाही. १९५९ साली आम्स्टरडॅम विद्यापीठाला त्याने सादर केलेला प्रबंध याच घंटांना शिस्तीने तोंड देण्याशी निगडित होता. त्याची ती भीती किती रास्त होती हे आजही ड्रायव्हर लिहिणारास रोज पटते.

घंटेची आणखी एक गंमत ध्यानात घ्यावी लागेल. पुष्कळ यंत्रांची घंटा शाळेच्या घंटेसारखी एक टोल देऊन थांबणारी नसते. दारावरच्या विजेच्या घंटेवर कोणी बोट दाबून उभे राहावे तशी ती असते. शिपाई यंत्रापाशी जाऊन त्याच्या रजिस्टरात ‘ऐकले’ अशी खूण करतो, तेव्हाच यंत्र बोट काढते. शिपाई गेलाच नाही, तर घंटा वाजतच राहते.

शिवाय घंटांच्या तारा थोड्या आणि वाजविणारे फार. १९८१ च्या आय.बी.एम. पीसीमध्ये अशा तारा होत्या आठ. १९८४ च्या एटी नमुन्यात दोन चिपा जोडून वापरण्याजोग्या पंधरा झाल्या. पुढे १९९२ साली पीसीआय नावाची जोडणीची पद्धत आली. तिने यंत्रांना एकच तार वाटून घेण्याची मुभा दिली. जुन्या वाड्यांत आठ बिऱ्हाडांना मिळून दिंडीदरवाजावर एकच घंटा असे, तसे हे समजा. घंटा वाजली की प्रत्येक बिऱ्हाडातून कोणीतरी डोकावणार, ‘आमच्याकडे कोणी आले का?’ ज्याचा पाहुणा तो दार उघडील. बाकीचे ‘आमचा नव्हे’ म्हणून आत जातील. संगणकातही असेच होते. त्या तारेवरच्या सर्व शिपायांना क्रमाने उठविले जाते आणि प्रत्येकजण आपल्या यंत्राचे रजिस्टर वाचून ‘माझे’ किंवा ‘माझे नव्हे’ असे सांगतो.

एवढी तयारी झाली. आता एक यंत्र, समजा नेटवर्क कार्ड, बंद करू. ड्रायव्हर काढून टाकावयाचा असेल, संगणक निजवावयाचा असेल किंवा पुरता बंद करावयाचा असेल, तेव्हा हे काम पडते. नवशिका काय करील? कार्डाची वीज तोडील, कार्डासाठी घेतलेली मेमरी परत करील, आणि सर्वांत शेवटी शिपायाचे नाव खोडील. निर्बुद्धपणाने नव्हे, घरातून निघताना आपणही आधी दिवे मालवितो आणि कुलूप शेवटी लावतो. येथे मात्र हा क्रम घात करतो.

वीज तुटली आहे पण शिपाई अजून नोकरीवर आहे, अशा क्षणी त्याच तारेवर शेजारच्या यंत्राने घंटा वाजविली असे धरा. आमच्या कार्डाचा तिच्याशी काही संबंध नाही. पण शिपायाला उठविले जाणारच, आणि तो इमानाने आपल्या कार्डाचे रजिस्टर वाचावयास जाणार. कार्ड तर मेलेले. मेलेले पीसीआय यंत्र वाचले असता पीसीमध्ये उत्तर येते ते सगळे दिवे पेटलेले, बत्तीसच्या बत्तीस! शिपाई पाहतो, ‘काम झाले’ हा दिवा पेटला आहे, ‘चूक झाली’ हाही पेटला आहे, म्हणजे पाहुणा आपलाच. तो कामाला लागतो. दिवे विझेपर्यंत फेऱ्या घालीत राहावे असे त्याला शिकविले असेल, तर तो फेऱ्या घालीतच राहील, कारण विझवावयास तेथे कोणी उरलेले नाही. बाहेरून पाहणारास संगणक थिजलेला दिसतो. लॅपटॉपच्या कडेला खोचावयाची कार्डे जेव्हा प्रचारात होती, तेव्हा ती चालू असताना उपसली की अगदी हाच प्रसंग ओढवे. म्हणून जाणता ड्रायव्हर रजिस्टर वाचताच आधी एवढेच पाहतो की सगळेच दिवे तर पेटलेले नाहीत ना. तसे असेल तर यंत्र जागेवर नाही असे समजून मुकाट्याने परततो.

फोनमधील व लहान यंत्रांतील कित्येक चिपांत तर असे खोटे उत्तरदेखील मिळत नाही. तेथे वीज वाचविण्यासाठी एकेका भागाचा ठोका, ज्याला क्लॉक म्हणतात तो, बंद केलेला असतो. ठोका बंद असलेल्या भागाचे रजिस्टर वाचावयास गेले की कधी प्रोसेसर उत्तराची वाट पाहत तेथेच अडकतो, तर कधी गंभीर दोष झाल्याचे जाहीर करून सारी व्यवस्था कोसळते.

उलट क्रम लावला तर? म्हणजे शिपायाचे नाव आधी खोडले आणि कार्डाला गप्प करावयाचे राहिले. आता कार्ड घंटेवर बोट ठेवून उभे, आणि ‘ऐकले’ म्हणणारा कोणी नाही. तारेवरचे बाकीचे शिपाई उठतात, ‘आमचा नव्हे’ म्हणून परततात. प्रोसेसर कामाकडे वळतो न वळतो तोच पुन्हा घंटा. सेकंदाला हजारो वेळा. लिनक्स या प्रणालीत यावर एक उपाय आहे, पण तो जालीम आहे. त्या तारेवर वाजलेल्या एक लक्ष घंटांपैकी ९९,९०० हून अधिक घंटांना कोणीच ‘माझी’ म्हटले नाही असे दिसले, तर ‘कोणालाच पर्वा नाही’ अशा अर्थाचा शेरा नोंदवून लिनक्स ती तारच बंद करून टाकते. वाड्याची घंटाच उपटून ठेवावी तसे! वादळ थांबते खरे, पण त्या तारेवरची इतर निरपराध यंत्रेही मुकी होतात. नेटवर्क कार्डाच्या ड्रायव्हरने निष्काळजीपणा केला, आणि बंद पडला उंदीर. दुरुस्ती करणारा उंदीर बदलून पाहतो, त्याची वायर बदलतो, गिऱ्हाइकाला बिल देतो; आणि दोष आहे तेथेच राहतो.

मग योग्य रीत कोणती? पहिली गोष्ट, नवे काम घेणे थांबवावयाचे. दुसरी, कार्डाच्या स्वतःच्या रजिस्टरात लिहून त्यालाच सांगावयाचे की यापुढे घंटा वाजवू नको. तार बंद करावयाची नाही, कारण ती सर्वांची आहे; आपल्या कार्डाचे बोट काढावयाचे.

येथे एक बारकी मेख आहे आणि पुष्कळ जण तिच्यावर अडखळतात. प्रोसेसरने कार्डाला लिहिलेली आज्ञा तत्काळ पोहोचतेच असे नाही. वेग राखण्यासाठी ती वाटेत थोडा वेळ साठवून ठेवली जाते, टपालाच्या पेटीत पत्र पडून राहावे तशी. ड्रायव्हर समजतो कार्ड गप्प झाले. पत्र अजून पेटीतच. यावर उतारा असा की लिहिल्यावर लागलीच त्याच कार्डाचे एखादे रजिस्टर वाचावयाचे. वाचनाचे उत्तर येण्यापूर्वी आधीचे लिखाण पोहोचविलेच पाहिजे असा पीसीआयचा नियम आहे. वाचून आलेल्या आकड्याशी काही कर्तव्य नसते. पोहोच मिळाली एवढाच त्याचा अर्थ. असे ‘निरर्थक’ वाचन दिसले म्हणून एखाद्या उत्साही माणसाने ती ओळ काढून टाकावी आणि ड्रायव्हर अधूनमधून बिघडू लागावा, ही चूक या धंद्यात ओळखीची आहे.

कार्ड गप्प झाले. पण आधी वाजलेल्या घंटेला धावलेला शिपाई अजून वाटेवर असेल, त्याचे काय? एकच प्रोसेसर होता तेव्हा हा प्रश्न सोपा होता. आज साध्या फोनमध्येही आठ-आठ प्रोसेसर एकाच वेळी चालतात. एकावर आपण बंद करण्याचे काम करीत आहोत आणि दुसऱ्यावर त्याच घटकेला शिपाई कार्डाची मेमरी चाळीत आहे, असे सर्रास होते. आपण ती मेमरी परत करून टाकली, आणि ती दुसऱ्याच कोणा प्रोग्रॅमला मिळाली, तर शिपाई परक्याच्या वहीत लिहून मोकळा होईल. म्हणून थांबावे लागते. लिनक्समध्ये ‘सिंक्रोनाइझ आयआरक्यू’ या नावाची आज्ञा त्यासाठीच आहे; चालू असलेला शिपाई परत येईपर्यंत ती परतत नाही. नाव खोडण्याची आज्ञा ‘फ्री आयआरक्यू’. तीही असेच थांबते, मात्र तिची अट स्पष्ट आहे की तार सामाईक असेल तर यंत्राला आधी गप्प केलेले असावे.

थांबण्यातही एक सापळा आहे. आपण हातात एक किल्ली धरून शिपायाची वाट पाहत बसलो, आणि शिपायाचे काम पुरे व्हावयास तीच किल्ली हवी असेल, तर? तो किल्लीसाठी थांबला आहे, आपण त्याच्यासाठी. दोघेही जन्मभर बसतील. तसेच, स्वतः शिपायानेच ‘शिपाई परत येईपर्यंत थांबा’ अशी आज्ञा दिली तर तो स्वतःचीच वाट पाहत राहील. वाचताना हसू येते, पण शेकडो ओळींच्या प्रोग्रॅममध्ये ही किल्ली कोणाच्या हाती आहे ते एका दृष्टिक्षेपात दिसत नाही.

आणि शिपाई परतला म्हणजे सारे संपले असेही नाही. शिपायाने घाईत असावे अशी रीत आहे, म्हणून तो मोठे काम स्वतः न करता ‘हे नंतर करा’ अशी चिठ्ठी ठेवून जातो. त्या चिठ्ठ्यांवरची कामेही संपवावी किंवा रद्द करावी लागतात. कित्येक नेटवर्क ड्रायव्हरांत तर चिठ्ठीवरचे काम संपले की शेवटच्या ओळीत कार्डाला सांगितलेले असते, ‘आता पुन्हा घंटा वाजव हो!’ म्हणजे आपण पुढच्या दाराने ज्याला गप्प केले त्याला मागच्या दाराने कोणी जागे केले. यासाठी ‘आपण बंद होत आहोत’ अशी पाटी सर्वांत आधी टांगावी लागते आणि चिठ्ठीवरचे काम करणाराने ती पाहिल्याशिवाय कार्डाला काही सांगू नये असे ठरवून द्यावे लागते. त्यानंतर कार्ड स्वतः होऊन मेमरीत जे लिहीत असते ते लिखाण थांबवावयाचे, मग मेमरी परत, आणि ठोका व वीज अगदी शेवटी. घराच्या उलट, येथे दिवा सर्वांत मागून.

एवढे सगळे करूनही चुकार घंटा येऊ शकते, हे मात्र गृहीतच धरावे. जुन्या पीसीतील ८२५९ या घंटा सांभाळणाऱ्या चिपेने यावर मोठा मार्मिक तोडगा काढला होता. घंटा वाजली, प्रोसेसर ‘कोण आहे?’ म्हणून विचारावयास आला, आणि तेवढ्यात वाजविणाराने बोट काढले, तर उत्तर काय द्यावे? काहीतरी क्रमांक तर दिलाच पाहिजे. मग ही चिप सातव्या तारेचा क्रमांक सांगून टाकते. म्हणून सातव्या तारेच्या शिपायाला आधी तपासावे लागे की खरोखर कोणी आले होते, की नुसताच भास. ज्या चिपेच्या रचनाकारांनी हे आधीच योजून ठेवले त्यांचे आम्हांस कौतुक वाटते.

ड्रायव्हर लिहिणारांचे श्रम वाचावेत म्हणून २००७ साली लिनक्समध्ये एक सोय झाली. शिपायाची नोंद, मेमरी, इत्यादी जे जे घेतले त्याची यादी लिनक्स स्वतः ठेवते आणि ड्रायव्हर निघून गेल्यावर उलट क्रमाने सारे परत करते. सोय उत्तम. पण ‘निघून गेल्यावर’ या शब्दांत सगळी गोम आहे. ड्रायव्हरने आपल्या निरोपाच्या भागात हाताने ठोका बंद केला, आणि शिपायाचे नाव खोडण्याचे काम त्या यादीवर सोडले, तर ठोका बंद झाल्यापासून नाव खोडले जाईपर्यंत एक फट उरते. फट सेकंदाच्या अत्यल्प अंशाची. पण त्या फटीत शेजाऱ्याची घंटा वाजली की वर सांगितलेला अनर्थ. आळसासाठी केलेली सोय आळशाला बाधते, असे याबाबत आम्ही म्हणणार होतो. पण खरे पाहता चांगले चांगले लोकही येथे फसलेले आहेत.

अशा फटी शोधण्यासाठी लिनक्सच्या कर्त्यांनी एक खट्याळ युक्ती योजली आहे. चाचणीची एक कळ चालू ठेवली, की सामाईक तारेवरच्या शिपायाचे नाव खोडताना लिनक्स मुद्दाम एक खोटी घंटा वाजवून त्याला शेवटचे एकदा उठविते. आपल्या शाळांत तपासणीस येऊन अचानक प्रश्न विचारीत, त्यातला प्रकार. ड्रायव्हर नीट लिहिला असेल तर शिपाई ‘माझे नव्हे’ म्हणून परततो. नसेल तर तो तेथेच पडतो, पण पडतो तो लिहिणाराच्या टेबलावर, गिऱ्हाइकाच्या घरी नव्हे.

लॅपटॉप मिटून निजविताना तर हे संकट एकेका यंत्राचे राहत नाही. सगळीच यंत्रे ओळीने निजवावयाची असतात, आणि निजलेल्यांच्या तारेवर जागी असलेली घंटा वाजवीत असतात. ड्रायव्हर निजलेल्या यंत्राला हलवावयास जात आणि काय होईल याचा नेम नसे. चूक शोधणेही जिकिरीचे. म्हणून २००९ पासून लिनक्सने असे ठरविले की निजविण्याच्या शेवटच्या टप्प्यात यंत्रांचे शिपाई सरसकट उठवावयाचेच नाहीत. अपवाद काळ मोजणाऱ्या घंटांचा, आणि ज्या घंटेने संगणकाला जागे करावयाचे तिचा. नाहीतर मिटलेला लॅपटॉप उघडणारच नाही.

आजच्या नव्या यंत्रांत सामाईक तार फारशी उरलेली नाही. प्रत्येक यंत्र मेमरीतील ठराविक जागी एक छोटा निरोप लिहून घंटेचे काम भागविते, त्यामुळे शेजाऱ्याच्या घंटेचा उपद्रव संपला. पण धाडलेला निरोप वाटेत असणे आणि शिपाई दुसऱ्या प्रोसेसरवर धावत असणे, हे दोन्ही प्रश्न जेथल्या तेथे आहेत, आणि वरची रीतही तशीच लागू आहे.

गरज नसलेले यंत्र गप्प न केल्याचा सर्वांत गाजलेला प्रसंग पृथ्वीवर घडलाच नाही. १९६९ च्या जुलैत अपोलो ११ चंद्रावर उतरत असताना त्याच्या संगणकाने १२०२ आणि १२०१ या क्रमांकांच्या धोक्याच्या सूचना दिल्या. परतीच्या भेटीसाठी असलेले एक रडार त्या वेळी कामाचे नव्हते. पण ते अशा अवस्थेत होते की त्याचे स्पंद संगणकाकडे अखंड येत राहिले आणि ते मोजण्यात त्याचा सुमारे सातवा-आठवा हिस्सा वेळ जाऊ लागला. काटेकोर भाषेत हे इंटरप्ट नव्हेत. मोजणीसाठी प्रोसेसरचे चोरलेले क्षण होते. पण जात तीच. संगणक कोसळला नाही याचे कारण, भार वाढला तर बिनमहत्त्वाची कामे टाकून महत्त्वाची पुन्हा सुरू करावी अशी योजना प्रोग्रॅम लिहिणारांनी आधीच करून ठेवली होती.

आपल्या घरच्या संगणकावर चंद्राएवढे काही अवलंबून नसते. तरी बंद होताना तो थोडा वेळ घेतो, तेव्हा आत ही निरवानिरव चाललेली असते. वीज देण्याचे बटण चार सेकंदांहून अधिक दाबून धरले की वीज सरळ तुटते आणि डिस्कवर लिहावयाचे राहिलेले राहूनच जाते. खरोखर थिजला असेल तर तोही उपाय करावाच लागतो, पण मिनिटभर वाट पाहून मग.

राहता राहिला प्रश्न, ड्रायव्हर बरोबर उतरला हे लिहिणारास कळते कसे? एकदा यंत्र बंद करून पाहिले आणि काही झाले नाही, यावरून काहीच सिद्ध होत नाही. डाइक्स्ट्राची भीती हीच तर होती. म्हणून कार्डावरून भरपूर माहिती वाहती ठेवावयाची, शेजारच्या यंत्रांनाही कामाला जुंपावयाचे, ती खोट्या घंटेची कळ चालू करावयाची, आणि ड्रायव्हर चढविणे-उतरविणे हजारो वेळा आपोआप होत राहील अशी व्यवस्था लावून सकाळपर्यंत चालू द्यावयाचे. सकाळी संगणक चालता सापडला तर ठीक; थिजलेला सापडला तर शेवटच्या नोंदीपासून माग काढावयाचा. तेव्हा घरचा मुलगा किंवा मुलगी फोनवर ‘रात्रभर एक यंत्र चालू-बंद करीत होतो’ असे म्हणाली, तर त्यावर ‘एवढा पगार याचा मिळतो का?’ असे न विचारता, पुढे ‘मग सकाळी चालू होते का?’ एवढे अवश्य विचारावे.